घरच्या १६ अँपच्या सॉकेटवर वेल्डिंग मशीन: ३२ चा एमसीबी टाकला तर चालेल का?

ठिणगी
२०० अँपचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन आहे. काम घरगुतीच: अँगल, चौकोनी पाइप, बिजागऱ्या. रॉड २.५ एमएमचे, कधी ३.१५ चे. गॅरेजमध्ये १६ अँपचा एकच सॉकेट, वायर २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, त्याच लाइनवर आणखी दोन पॉइंट. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बी-१६. मशीन ऑन करतानाच तो कधीकधी पडतो. शिवाय १२० अँपवर ३.१५ चे चार-पाच रॉड सलग जाळले की पुन्हा पडतो. ३२ चा टाकला तर भागेल का? सॉकेटपासून कामाच्या जागेपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची ३० मीटरची एक्स्टेन्शन रीळ वापरतो.

तारजोड
नाही. त्या वायरवर ३२ चा एमसीबी टाकू नका. एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. २.५ च्या वायरवर ३२ लावला, तर वायर आधी तापेल आणि एमसीबी शांत बसेल.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

ऑन करताना पडतो, कारण आतले कपॅसिटर रिकामे असतात आणि क्षणभर खूप करंट ओढतात. एमसीबीच्या नावातलं अक्षर म्हणजे त्याचा कर्व्ह, किती पट करंटला तो लगेच सुटतो ते: बी कर्व्ह ३ ते ५ पटीला, सी कर्व्ह ५ ते १० पटीला. इथे सी-१६ बसवता येतो, वायरचं संरक्षण तेच राहतं. पण अर्थला फेज लागला तर सी-१६ खात्रीने तत्काळ पडायला १६० अँप वाहायला हवेत, म्हणजे फॉल्टच्या वाटेचा रोध १.४ ओहमच्या आत हवा. इलेक्ट्रिशियनकडून तो मोजून घ्या.

चार-पाच रॉडनंतर पडतो तो मात्र खरा ओव्हरलोड आहे. हिशोब असा: आर्कचा व्होल्टेज साधारण २० + ०.०४ × करंट. १२० अँपला २४.८ व्होल्ट, म्हणजे २९७६ वॅट. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३७२० वॅट आत जातात. साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेल्या व्होल्ट × अँपपैकी खरी पॉवर किती) ०.७ च्या आसपास असतो, म्हणून सुमारे ५३०० व्हीए, म्हणजे व्होल्ट × अँप. २३० व्होल्टला २३ अँप! ८० अँपवर हाच हिशोब १४.४ अँपवर येतो. म्हणून २.५ चा रॉड तुमच्या सॉकेटवर निभावतो आणि ३.१५ चा नाही. व्होल्टेज १९० वर उतरला तर मशीन तेवढीच पॉवर राखायला जास्त करंट ओढतं, १२० च्या सेटिंगला जवळपास २८ अँप.

अंदाजापेक्षा नेमप्लेट पाहा. 'आय१ मॅक्स' म्हणजे पूर्ण सेटिंगवरचा करंट, 'आय१ इफेक्टिव्ह' म्हणजे ड्यूटी सायकल (एकूण वेळेपैकी प्रत्यक्ष वेल्डिंगचा टक्का) धरून वायरला सोसावा लागणारा. मॅक्स ३६ आणि ड्यूटी ३५ टक्के असेल तर इफेक्टिव्ह सुमारे २१.

३.१५ चं काम नेहमीचं असेल तर डीबीतून (एमसीबी बसवलेल्या मुख्य बोर्डातून) वेगळी लाइन घ्या: ४ स्क्वेअर एमएम तांबं, सी-२५ एमसीबी, ३० एमएचा (मिलिअँपचा) आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच, शेवटी ३२ अँपचा तीन पिनी इंडस्ट्रियल सॉकेट आणि त्याचाच प्लग. मधे कुठेही सांधा नको. मेन स्विचची क्षमताही पाहा. वेल्डिंग चालू असताना गीझर बंद ठेवावा लागेल.

रॉड_३१५
डीबीपेक्षा मला त्या रिळाची जास्त काळजी वाटते. १.५ च्या ३० मीटर केबलमध्ये जाण्या-येण्याची तार ६० मीटर, रोध ०.८ ओहम. २३ अँपला १८ व्होल्ट तिथेच जातात आणि ४०० वॅटहून जास्त उष्णता केबलमध्ये तयार होते. गुंडाळलेल्या रिळात ती बाहेर पडायला वाव नसतो. आतले वेढे एकमेकांना चिकटतात, बाहेरून काही दिसत नाही. ४ ची केबल घ्या, ड्रॉप ७ व्होल्टच्या आत येतो, आणि केबल पूर्ण उलगडूनच वापरा. त्याहून सोपं म्हणजे मशीन सॉकेटजवळ ठेवून होल्डर आणि अर्थिंगच्या लीडा लांब घ्या, अर्थात १२० अँपसाठी त्याही पुरेशा जाड हव्यात.

प्लगमधले स्क्रूही तपासा. सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम असला तरी २३ अँपला ५० वॅटहून जास्त उष्णता, तीही मटाराच्या दाण्याएवढ्या जागेत. पिन काळवंडली, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलं किंवा प्लग सहज निघू लागला, तर सॉकेट बदला. घासून पुन्हा वापरू नका, आतल्या पट्टीचा ताण गेलेला असतो. १६ चा प्लग ६ अँपच्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर तर मुळीच नकोत.

भूमी
अर्थिंगबद्दल. मशीनच्या अर्थिंग लीडचा क्लॅम्प थेट जॉबला (वेल्डिंग करायच्या तुकड्याला), जोडापासून जवळ आणि घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावा. टेबलाच्या पायाला किंवा पाण्याच्या पाइपला नको. क्लॅम्पची पकड वाईट असेल आणि जॉब अर्थ केलेल्या कशाला टेकलेला असेल, तर वेल्डिंगचा शंभर अँप करंट घराच्या अर्थ वायरमधून परतायची वाट शोधतो. त्यात ग्राइंडरची बारीक अर्थ वायर वितळू शकते, आणि पुढे ग्राइंडरला फेज लागला तर अर्थ उरलेलाच नसतो.

आरसीसीबी होल्डरच्या बाजूचा शॉक ओळखत नाही, कारण ती बाजू मेनपासून वेगळी असते. तिथे कोरडे हातमोजे, कोरडे बूट आणि पायाखाली रबर मॅट हेच संरक्षण.

ठिणगी
नवी लाइन होईपर्यंत २.५ चा रॉड ८० वर चालवला तर?

तारजोड
चालेल. त्या लाइनवरचे बाकीचे दोन पॉइंट बंद ठेवा, १.५ ची रीळ बाजूला काढा. दोन रॉड झाले की मशीन बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या अंगाला बोट लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर तिथेच थांबा. मशीनचं झाकण मात्र उघडू नका: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी काही वेळ राहू शकतो.