मदत हवी आहे: विश्वास देवानेच दिला, मग आज्ञापालन कोणाचं?

सर्वांना जय ख्रिस्त. मी ऐरोलीचा. शनिवारी आमच्या घरी तरुणांचा बायबल अभ्यास असतो. इफिसकरांस पत्र २:८ वाचलं, तारण (पापातून सुटका) कृपेने, ते देवाचं दान. लगेच बारावीतला एक मुलगा म्हणाला, "काका, सगळं देवच देतो तर मी बायबल नाही उघडलं तर चूक कोणाची?" चहा गार झाला, पण मला धड उत्तर देता आलं नाही.

फिलिप्पैकरांस पत्र २:१२-१३ मला माहीत आहे. आधी 'तारण साधून घ्या' आणि लगेच इच्छा व कृती दोन्ही देवच घडवतो. यहेज्केल ३६:२६-२७ मध्येही आधी नवं हृदय, मग नियमांनी चालणं. माणूस स्वतःच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो म्हणणारा पेलाजियस आणि देवाची कृपा आधी लागते म्हणणारे संत ऑगस्टिन, या जुन्या ख्रिस्ती शिक्षकांचा वाद याच मुद्द्यावर होता, इ.स. ४१८ ला कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. पण हे मुलांना सांगितलं की ती मोबाइल काढतात!

रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण आहे का कोणाकडे? कठपुतळीचं नको, ते साफ चुकतं. येत्या शनिवारच्या आत सुचवलंत तर बरं होईल.