विषय: व्हिक्टोरिया डेची कॅनू सहल, आणि जॅकेटचा प्रश्न

नमस्कार मंडळी,
मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात ओपियोंगो तलावावर जायचं ठरलंय. कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, तिथेच भाड्याने घेऊ. लाइफ जॅकेटं बोटीत असतीलच, पण पोहता येणाऱ्यांनीही ती घालायलाच हवीत का? आमच्यातले निम्मे गावच्या विहिरीत उड्या मारत मोठे झालेत!
– सहल समितीतर्फे काका

काका,
घालायलाच हवीत. मोठ्यांसाठी कायद्याला जॅकेट माणशी एक बोटीत असलं की पुरतं, पाण्याला पुरत नाही. तिथला बर्फ एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो. वर टी-शर्टचं ऊन, खाली हाडं गोठवणारं पाणी. थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट १-१०-१ असा हिशेब सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात नसतो, नुसती धाप लागते, पुढची १० मिनिटं हातपाय ऐकतात, शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे माणूस गारठण्याआधीच बुडतो, पट्टीचा पोहणाराही. विहिरीचं पोहणं त्या पहिल्या मिनिटात कामाला येत नाही, आणि धाप लागलेली असताना जॅकेटमध्ये हात घालायची जागा तर सापडतही नाही.

बोट उलटलीच तर तिला धरून राहा. पाण्याने भरली तरी कॅनू सहसा तरंगते. किनारा जवळ दिसतो म्हणून सोडून निघू नका. ओपियोंगो पार्कातला सगळ्यात मोठा तलाव. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. सकाळीच निघू, काठाकाठाने जाऊ. जीन्स नकोत. फोटोसाठी बोटीत उभं राहणाऱ्यांना मी बोटीत घेणार नाही, आत्ताच सांगतो. बिअरही परत आल्यावर.

शिट्टी, १५ मीटरची तरंगती दोरी आणि पाणी उपसायला भांडं कायद्यानेच लागतं. भांड्याचं काम श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावर भागेल, फक्त ७५० मिलीच्या वरचा घ्या आणि सुतळीने बोटीला बांधा.
– तुमचा कयाकवाला

दादा, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. कमरेला बांधायचं, फुगणारं जॅकेट चालेल का? सुटसुटीत वाटतं.
– एक आई

ताई, नाही. १६ वर्षांखालच्यांना फुगणारं चालत नाही. फोमचंच घ्या, तेही वजन बघून. घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठं घेऊ नका. शनिवारी हॉलवर तिला घेऊन या, माझ्याकडची दोन-तीन घालून बघू.
– कयाकवाला