गरोदरपणात केसांना रंग, मेंदी, स्मूदनिंग : आपले अनुभव लिहावेत

धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाची तयारी चालू असताना तिने केस रंगवले तर चालतील का, असे विचारले आणि मला माझे पहिले गरोदरपण आठवले. टाळूतून रंगातील रसायने फार थोडी शोषली जातात, तरीही बाळाचे अवयव घडतात ते पहिले तीन महिने जाऊ द्यावेत, असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते. पुढे पाचव्या महिन्यात मी टाळूला रंग लागू न देता फक्त बटा रंगवून घेतल्या. आपण काय केलेत?

प्रतिसाद : रंगाऐवजी काळी मेंदी लाव, ती नैसर्गिक असते, असा माझ्या सासूबाईंचा आग्रह होता. पाकीट उलटून घटक वाचले, तर डायमध्ये असते तेच पीपीडी हे केस काळे करणारे रसायन त्यातही होते. शुद्ध मेंदी केस तांबूस करते; घटकाभरात केस काळेभोर झाले, तर ते मेंदीचे काम नव्हे. पीपीडीमुळे टाळूला पुरळ येते, पापण्या सुजतात, म्हणून आधी कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. पाकीट वाचून दाखवल्यावर सासूबाईंनीच लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात साधी मेंदी भिजवून दिली.

प्रतिसाद : वा, सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा!

प्रतिसाद : माझे पार्लर आहे, म्हणून स्मूदनिंग आणि केराटिन या केस सरळ, मऊ करण्याच्या उपचारांबद्दल कळकळीने लिहिते. यांच्या अनेक द्रव्यांतून गरम इस्त्री फिरताच फॉर्माल्डिहाइडची वाफ सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करणारे ठरवले आहे. बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ छापलेले असले, तरी आत मेथिलीन ग्लायकॉल असेल, तर तापल्यावर तेच बाहेर पडते. त्यामुळे गरोदर बाईला मी बाळंतपण होईपर्यंत थांबायला सांगते. मात्र ग्राहक एकदा येऊन जाते, तर पार्लरमधली मुलगी रोज ती वाफ घेते. माझ्या मदतनीस मुलीला दिवस गेले, तेव्हा मी तिला त्या खुर्चीपाशी उभेच राहू दिले नाही. इतर पार्लरवाल्या ताईंनीही हे मनावर घ्यावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद : बाळ तीन महिन्यांचे झाले आणि माझे केस पुंजक्यांनी गळू लागले, तेव्हा घरच्यांनी गरोदरपणात लावलेल्या रंगाला दोष दिला. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र समजावले, की गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढल्याने एरवी गळणारे केसही टिकून राहतात आणि प्रसूतीनंतर ते एकदम गळतात. बहुधा वर्षभरात ते भरून येतात. फार काळ गळत राहिले, तर लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे, आणि अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्याचे औषध मनाने लावू नये. आणखी एक सांगते, या दिवसांत बाळाचे मोजे उलटे करून रोज पाहावेत, कारण गळलेला लांब केस त्याच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडू शकते.