उडुपीजवळचं सेंट मेरीज बेट: एका दिवसात, कमी खर्चात जमेल का?

भटकीताई: डिसेंबरात आईबाबांना घेऊन उडुपीला जातोय, एक दिवस मोकळा आहे. अंदमान बजेटच्या बाहेर, पण नारळाची झाडं असलेलं एखादं शांत बेट दोघांना दाखवायची फार इच्छा आहे. सेंट मेरीज कसं वाटतं?

कोकणकन्या: बिनधास्त जा! उडुपीहून मालपे बंदराची सिटी बस पकडा, बेटाची बोट तिथूनच सुटते; रिक्षा कशाला, ६ किमी तर आहे, आणि शनिवार-रविवार अजिबात नको, मधल्या वारी सकाळी लवकरची बोट घ्या म्हणजे निवांत बसता येतं. बोट माणसं भरली की सुटते, थोडं थांबावं लागतं.

दगडप्रेमी: खडक बघाच, बहुकोनी खांब एकमेकांना खेटून उभे, जणू कुणी रचून ठेवलेत. साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना असा तडकलाय, तेव्हा मादागास्कर भारताला चिकटलेलं होतं! आईंचा हात धरा मात्र, शेवाळावर पाय सटकतो.

भटकीताई: मस्तच, थँक्यू! जेवायचं काय?

कोकणकन्या: दुपारी परत येऊन कृष्ण मठात प्रसादाला बसा, पैसे लागत नाहीत. बेटावर मुक्काम करता येत नाही. पाण्याची बाटली रिकामी झाली तरी परत आणा प्लीज.