चावरं कुत्रं: ट्रेनरला पैसे द्यायचे की साखळी आखूड करायची?

अनगोळकर:
काल सकाळी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर परत तोच प्रकार झाला म्हणून लिहितोय. आमचा ब्रुनो, जर्मन शेफर्डचं क्रॉस, चार वर्षांचा, समोरनं दुसरं कुत्रं आलं की दोरी ताणून मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि भुंकून भुंकून तोंडाला फेस आणतो. फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, असलं जनावर इथं कशाला आणता ओ, घरात बांधून घाला की. ते घाबरले होते, त्यांचं काही चुकलं नाही. खरं बांधून घालणं आम्ही दीड वर्ष करून बघितलंय, त्यानं कुत्रं आणखीन बिघडतं, दिवसभर गेटकडं बघत बसतं आणि संध्याकाळी सोडलं की सगळं एकदम बाहेर काढतं.

माझं म्हणणं, असलं कुत्रं ज्याच्या घरात आहे त्यानं ट्रेनरवर खर्च केलाच पाहिजे, आणि ट्रेनर पारखून घेतला पाहिजे. कुणीबी उठून पाटी लावतो, लायसन लागत नाही. आम्ही पहिल्यांदा एका ठिकाणी महिनाभर ठेवलं. परत आला तेव्हा गुरगुरणं बंद, आम्ही खूश. तीन आठवड्यांनी पार्सल द्यायला आलेल्या पोराचा हात धरला, न गुरगुरता. मग कळलं, तिथं गुरगुरला की चोक चेनला, म्हणजे ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीला, हिसडा द्यायचे. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच सांगणं असतं, ते सांगणं तेवढं बंद पाडलं, भीती आत तशीच.

आता हुबळीहून एकजण येतात, महिन्यातनं दोनदा. पहिल्या दिवशी कुत्र्याला हातसुद्धा लावला नाही, दोन तास आम्हालाच विचारत बसले, आणि आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणाले. दाखवलं तर कानात जुनं इन्फेक्शन. म्हणजे डोक्यावरनं हात फिरवला की त्याला ठणकत होतं आणि आम्ही त्याला रागीट म्हणत होतो, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. आता दुसरं कुत्रं 40 पावलांवर दिसलं की भुंकायच्या आधीच उकडलेल्या चिकनचा तुकडा. कुत्रं दिसलं, चिकन आलं, कुत्रं गेलं, चिकन बंद. अंतर आठवड्याला दोनचार पावलं कमी करायचं, घाई केली की परत पहिल्यापासनं.

जांबोटीकडचा:
तुमचं बरोबर असेल खरं शेतात राहणाऱ्यानं काय करायचं ते सांगा. आमचं घर रानाला लागून, रात्री डुकरं येतात, बिबट्यानं आजवर दोन कुत्री नेली. आमचं कुत्रं भुंकलं नाही तर पाळायचं कशाला? महिन्यातनं दोनदा हुबळीचा माणूस बोलवायचा म्हणजे तेवढ्यात म्हशीची पेंड येते. आमच्याकडं मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं आहे, वाघ्या. रोज रानात मोकळा पळतो म्हणून घरात शांत. तुम्ही शहरातले दोन खोल्यांत मोठं कुत्रं आणता, पळायला जागा नाही, काम नाही, आणि मग बिघडलं म्हणून ट्रेनर शोधता. चूक आणतानाच झालेली असते.

शहापूरवाला:
एवढी चर्चा कशाला? असल्या जातींवर बंदीच पाहिजे. केंद्रानं 23 जातींवर आणली होती ना?

चिकोडीचा जनावरांचा डॉक्टर:
ते परिपत्रक मार्च 2024 चं, एप्रिलमध्ये आपल्याच कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं, ज्यांना लागू होणार त्यांचं ऐकून न घेता काढलं म्हणून. आणि जर्मन शेफर्ड त्या यादीत नव्हतंच.

जांबोटीकडच्यांचं निम्मं पटतं. पळणं पाहिजेच, मुधोळला तर जास्तच. पण नुसतं पळवून भीती जात नाही. माझ्याकडं येणारी बरीच चावरी कुत्री 30 दिवसांची असताना आईपासनं काढून आणलेली असतात. आठ आठवडे तरी आईजवळ, भावंडांत राहिली पाहिजेत, किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो हे तिथंच शिकतात. साधारण तीन महिन्यांच्या आत जे बघितलं, माणसं, छत्र्या, रिक्षा, फटाके, ते पुढं सोपं जातं. आणि हो, काहींना ट्रेनिंगच्या जोडीला भीतीवरचं औषध लागतं, त्यात लाजायचं काय? एक विनंती, शॉकची कॉलर कुणी सुचवली तर घेऊ नका. समोर पोरगं दिसलं आणि मानेला झटका बसला की कुत्रं पोराचाच राग धरतं.

वडगावची आई:
मी वेगळं सांगते, राग मानू नका. माझी मुलगी सात वर्षांची, शेजारच्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. 15 मिनिटं नळाखाली साबणानं जखम धुतली, ती ओरडत होती आणि मी धुत होते. मग जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्ध लगेच काम करणारं इंजेक्शन, आणि रेबीजची लस त्याच दिवशी, मग तिथनं 3, 7, 14 आणि 28 दिवसांनी. शेजारी काय म्हणाले माहीत आहे? "आमचं ट्रेनिंग चालू आहे हो." अजून ती त्या बोळानं ट्यूशनला जात नाही, लांबनं फिरून जाते. तुमचं 40 पावलांचं गणित तुम्हाला माहीत, रस्त्यावरच्या पोराला कसं कळणार? तुमच्या कुत्र्याचा अभ्यास आमच्या पोरांवर का?

शहापूरवाला:
बरोबर बोललात काकू. कायदा पण आहे, भारतीय न्याय संहिता कलम 291, जनावर सांभाळण्यात हयगय केली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड.

जांबोटीकडचा:
कायदा आखूड साखळीला पण आहे, प्राण्यांच्या छळाविरुद्धचा, 1960 चा. कायम बांधून घातलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तो छळ धरतात. म्हणजे बांधलं तरी गुन्हा, सोडलं तरी गुन्हा.

अनगोळकर:
ताई, तुमचं वाचून रात्रभर डोक्यात तेच होतं. 'ट्रेनिंग चालू आहे' हे उत्तर नाही, मान्य. त्या पार्सलवाल्या पोराला दवाखान्यात मीच नेलं होतं, त्याच्या आईला काय सांगायचं ते मलाही सुचलं नव्हतं.

आमच्या ट्रेनरनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, आधी मुसकं, मग रस्ता. बैलाला मळणीला घालतात तसलं जाळीचं, त्यात कुत्रं तोंड उघडून धापा टाकू शकतं, पाणी पिऊ शकतं. तोंड आवळून धरणारं कापडी फिरायला घालू नका, उन्हात कुत्रं गुदमरतं. आम्ही दोन आठवडे नुसतं मुसक्यात चिकन ठेवून त्याला आपणहून तोंड घालू दिलं, पट्टा नंतर. तरी त्या दिवशी डेपोवर मी मुसकं घरी विसरून गेलो होतो, ते चुकलंच. आता ते चपलांच्या शेजारी खिळ्याला अडकवलंय. गेटला आतनं दुसरी कडी केली, आणि फिरायला पहाटे साडेपाच, पोरं नसतात तेव्हा.

अजून एक, बेळगावात सगळ्यांच्याच घरी होत असेल. आई 'ये' म्हणते, पोरगा 'कम', कामाला येणाऱ्या आक्का कानडीत 'बा'. ट्रेनर म्हणाले, एक काय ते ठरवा. तिघांनी बसून 'ये' ठरवलं, आता आक्का पण 'ये'च म्हणतात आणि ब्रुनो पहिल्या हाकेला वळतो. हे सांगायलाच माणूस लागला, आम्हाला चार वर्षांत सुचलं नाही.

वडगावची आई:
साडेपाच ठीक आहे. मुसकं विसरलात त्या दिवशी मात्र कुत्रं घरीच ठेवा, भुंकलं तरी चालेल.

जांबोटीकडचा:
अनगोळकर, ते जाळीचं मुसकं मुधोळला बसतं का? वाघ्याचं तोंड लांब आणि निमुळतं, आणि दिवाळीत बहिणीची पोरं यायची आहेत.

अनगोळकर:
बसतं, माप घेऊन मागवा. डोळ्यांच्या खालपासनं नाकाच्या टोकापर्यंत लांबी, आणि जबडा मिटलेला असताना भोवतीचा घेर, त्यात धाप टाकायला जागा पाहिजे म्हणून घेर जरा सैल धरा. आणि आत्ताच मागवा, सवय लावायला दोनतीन आठवडे जातात.