पासपोर्टला ५ महिने उरलेत, ट्रान्झिटला अडवतील का? मदत हवी आहे

मंडळी, शेंगेन व्हिसावर युरोपला चाललोय. तिथला नियम, परतीच्या तारखेनंतर ३ महिने पासपोर्ट चालू हवा आणि तो १० वर्षांच्या आत काढलेला हवा, त्यात मी बसतो. पण वाटेत सिंगापूरला थांबायचा बेत होता आणि तिथे एंट्रीला ६ महिने लागतात, म्हणजे झाली ना गोची! एअरपोर्टबाहेर पडलोच नाही, नुसती फ्लाइट बदलली तर चालेल का, की चेक-इनलाच टायमॅटिक (एअरलाइनवाले पासपोर्ट-व्हिसाचे नियम ज्यात तपासतात ती सिस्टिम) बघून अडवतात? एजंट म्हणतो काही होत नाही, त्याचं काय जातंय म्हणा. आणि आता रिन्यू केला तर जुन्यातला व्हिसा दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून चालतो का? हल्लीच कोणी असं गेलं असेल तर प्लीज सांगा.