एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंग: पहिल्यांदा जाताना कुठली निवडावी?

प्रश्न: पुण्यात भावासाठी मराठी मीटिंग हवी आहे. सोबत मी गेले तर चालेल का? पैसे किती?

उत्तर १: चालेल, पण ‘ओपन’ मीटिंगलाच. ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. फोन करून भाषा आणि ओपन-क्लोज्ड दोन्ही विचारा. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, नवख्याने काही टाकायची गरज नसते. नुसतं नाव सांगून ऐकत बसलं तरी पुरे. दहा मिनिटं आधी पोचा, तेव्हा गप्पा होतात, गटातल्यांचे नंबर मिळतात. रात्री तलफ आली की हेच नंबर कामी येतात!

उत्तर २: आधी एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, बडबड. हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. सरकारी हेल्पलाइन १४४४६.

उत्तर ३: एका मीटिंगवरून ठरवू नका. प्रत्येक गटाचा सूर वेगळा, चार-पाच गट बघा. घराजवळचा गट बरा, लांबचा पावसाळ्यात सुटतो. ताई, तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट) आहे, तिथे भाऊ आला नाही तरी तुम्ही जा.